ग्रुप हलवावा की व्हॉट्सअ‍ॅपवरच ठेवावा?

पाणी सुटले का, हे सोलापुरात आता नळाआधी व्हॉट्सअ‍ॅपवर कळते. आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर दर चार-पाच दिवसांनी तोच मेसेज पडतो आणि मागोमाग ‘दाब कमी आहे’, ‘मोटर कोणी लावली’ सुरू होते. ग्रुपमध्ये सत्तरी ओलांडलेल्या काकू आहेत. त्यांना फॉरवर्ड करणे आणि बोलून पाठवणे एवढेच जमते, आणि तेवढे पुरते. हा ग्रुप मी कुठेही हलवणार नाही. एक घर जरी मागे राहिले, तरी त्या घराची टाकी चार दिवस रिकामी राहील.

कारखान्याच्या ग्रुपची गोष्ट वेगळी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे टेरी टॉवेलचे माग आहेत. नव्या डिझाइनचे फोटो, सुताचे भाव, कोणत्या पार्टीकडे किती उधारी, हे सगळे अकरा जणांच्या ग्रुपमध्ये फिरते. तो ग्रुप आम्ही दोन वर्षांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवरून काढला. तुमच्याही मनात तसे काही असेल, तर आमचा अनुभव कामी यावा.

व्हॉट्सअ‍ॅपला पर्याय शोधताना ‘खुले’ आणि ‘विकेंद्रित’ हे शब्द सारखे कानावर येतात, तेव्हा आधी एक घोळ मिटवू. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुले म्हणजे कोड कोणालाही पाहता येतो, विकेंद्रित म्हणजे सर्व्हर, म्हणजे मेसेज पोचवणारे संगणक, कोणा एकाचेच नसतात. सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपचा कोड खुला आहे, पण सर्व्हर एकाच संस्थेचे. व्हॉट्सअ‍ॅपचे तर दोन्ही कंपनीच्या हातात. १९९९ पासूनचे एक्सएमपीपी आणि २०१४ मध्ये आलेले मॅट्रिक्स ही अ‍ॅप नव्हेत, ते बोलण्याचे नियम आहेत. अ‍ॅप कोणते घ्यायचे आणि सर्व्हर कोणाचा, हे आपण ठरवायचे. रेडिफमेलवरून जीमेलला पत्र जाते तसेच हे. व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा सुरुवातीला एक्सएमपीपीमध्येच फेरफार करून उभे राहिले होते. फक्त बाहेरच्यांसाठी दार ठेवले नाही.

ही तंत्रे कच्ची आहेत असेही नाही. फ्रान्स सरकारचे ‘चॅप’ आणि जर्मन सैन्याचे मेसेंजर मॅट्रिक्सवर चालतात. मात्र त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळायला पगारी माणसे आहेत. तुमच्याकडे कोण आहे, हा माझ्या मते सगळ्यात पहिला प्रश्न.

फोन बदलला की

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नंबर टाकला, ओटीपी आला, की अख्खी फोनबुक समोर. मॅट्रिक्समध्ये सर्व्हर निवडा, नाव घ्या, पासवर्ड ठेवा आणि वर रिकव्हरी की, म्हणजे नव्या फोनवर जुने मेसेज उघडणारी किल्ली, जपा. आम्ही सुरुवात मॅट्रिक्सनेच केली. आमच्या जॉबरने, म्हणजे मागांचे काम पाहणाऱ्याने, ती की कागदावर लिहून शर्टाच्या खिशात ठेवली आणि शर्ट धुण्यात गेला. महिन्याभरात त्यांचा फोन बिघडला. नव्या फोनवर जुना एकही मेसेज उघडेना. चूक त्यांची नव्हती. दिवसभर मागांच्या खडखडाटात काम करणाऱ्या माणसाकडून आपण ही अपेक्षाच चुकीची केली होती.

मग एक्सएमपीपीकडे वळलो. आधी एका फुकट सार्वजनिक सर्व्हरवर खाती काढली. चालवणाऱ्याने काही महिन्यांत तो बंद केला आणि सगळ्यांचे पत्ते गेले, कारण पत्त्याच्या शेवटी सर्व्हरचेच नाव असते. शेवटी भाड्याच्या सर्व्हरवर, स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या स्वतःच्या नावावर, एक्सएमपीपीवरच चालणारे ‘स्निकेट’ बसवले. यात निमंत्रणाची लिंक पाठवायची, समोरच्याने ती दाबून नाव आणि पासवर्ड टाकायचा, की झाले. पासवर्ड विसरला तर अ‍ॅडमिन नवी लिंक देतो. जुने मेसेज मात्र इथेही बॅकअप घेतला असेल तरच मिळतात.

पहिले पंधरा दिवस सगळ्यात जास्त छळले ते नोटिफिकेशनने. स्वस्त फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप बंद करतात, मग सकाळचा मेसेज दुपारी वाजतो. अकराच्या अकरा फोनमध्ये बॅटरीची सेटिंग हाताने बदलावी लागली. अनेक जणांचा एकत्र व्हिडिओ कॉल स्निकेटवर होत नाही. आम्हाला लागलाही नाही.

गुप्तता

व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर २०१६ पासून एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून तो कोणाला वाचता येत नाही, तेव्हा ‘कंपनी तुमचे मेसेज वाचते’ असे घाबरवून कोणाला हलवू नका. तसे सांगणे खोटे ठरेल. फरक आजूबाजूच्या माहितीत आहे: कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळा बोलले. ती कंपनीकडे जमते. शिवाय क्लाउडवरचा बॅकअप आपण स्वतः सेटिंग लावल्याशिवाय तसा एन्क्रिप्ट होत नाही. ही सोय २०२१ मध्ये आली, पण ती लावलेला माणूस मला आमच्या धंद्यात अजून भेटलेला नाही. उधारीचा हिशेब व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवत असाल तर निदान एवढे आजच करा.

स्वतःच्या सर्व्हरवर ही आजूबाजूची माहिती अ‍ॅडमिनला दिसू शकते. आमच्याकडे अ‍ॅडमिन माझा पुतण्या. हे कामगारांना पहिल्याच दिवशी सांगितले, कारण मालकाच्या घरातला माणूस सर्व्हर सांभाळतो हे त्यांना ठाऊक असायलाच हवे.

बंद पडण्याची भीती दोन्हीकडे आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद होते. आपला सर्व्हर डोमेनचे पैसे भरायचे राहिले की बंद.

आणखी एक गोष्ट भारतात राहून विसरता येत नाही. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवाद्यांच्या वापराचे कारण देत १४ मेसेजिंग अ‍ॅपवर बंदी घातली. त्यांत मॅट्रिक्सचे मुख्य अ‍ॅप एलिमेंट आणि इंटरनेटशिवायही चालणारे ब्रायर होते. बंदी अ‍ॅपवर होती, त्यामुळे मॅट्रिक्सवरचे तेच ग्रुप, म्हणजे रूम, फ्लफीचॅटसारख्या दुसऱ्या अ‍ॅपमधून उघडता येतात. तरीही बंदीच्या यादीत आलेले अ‍ॅप कामगारांना घ्यायला सांगणे मला पटत नाही.

मग कोणी काय घ्यावे

गिऱ्हाइकांशी बोलायचे असेल तर व्हॉट्सअ‍ॅप. मुंबईचा व्यापारी चादरीचा फोटो मागतो तेव्हा त्याला लिंक दाबून खाते काढा म्हणता येत नाही. एकट्यालाच थोडी जास्त गुप्तता हवी असेल तर सिग्नल घ्या, सर्व्हरच्या फंदात पडू नका. विद्यार्थ्यांचा किंवा तंत्रज्ञांचा मोठा, अनेक विषयांचा गट असेल तर मॅट्रिक्स शोभते. त्यांना की सांभाळता येते. पाच ते वीस जणांची, रोज एकमेकांना भेटणारी टीम असेल आणि त्यांतल्या एकाला सर्व्हरची आवड असेल, तर स्निकेट. तो एक जण नसेल तर हलूच नका.

हलवताना जुना ग्रुप लगेच मोडू नका. महिनाभर दोन्ही चालू ठेवा, मग जुन्यावर ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील’ ही सेटिंग लावा. आणि सर्व्हरचा पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवू नका. आमच्याकडे तो पुतण्याखेरीज दिवाणजींकडेही आहे, बंद पाकिटात, कारखान्याच्या तिजोरीत. पाकिटावर डोमेनचे पैसे भरायची तारीख लिहिलेली आहे.