बायपासच्या आधीचे आठवडे : वजनाच्या शस्त्रक्रियेचा निर्णय, तयारी आणि नंतरचा अनुभव

गेल्या श्रावणात पुण्यातील एका खासगी रुग्णालयात माझी गॅस्ट्रिक बायपासची, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याची, शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी माझे वय ४७, उंची १६० सेंटीमीटर आणि वजन ९८ किलो होते, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा) ३८च्या थोडा वर. मधुमेहाला आठ वर्षे झाली होती, इन्सुलिन सुरू होते आणि तरीही एचबीए१सी (मागच्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा आकडा) ९.१ होता. आज वजन ६९ किलो आहे, इन्सुलिन बंद झाले आहे, मेटफॉर्मिनची गोळी मात्र चालू आहे आणि शेवटच्या तपासणीत एचबीए१सी ६.३ आला. आकड्यांपुरते पाहिले तर तक्रारीला जागा नाही. शस्त्रक्रिया दोन-अडीच तासांत उरकली. त्याआधीची तयारी मात्र काही महिने चालली, आणि एखादे केंद्र विश्वासाचे आहे की नाही हे मला त्या तयारीतच कळले. म्हणून हा अनुभव मुख्यतः त्या काळाविषयीचा आहे.

प्रथम पात्रतेविषयी. अमेरिकेत १९९१ साली ठरलेले निकष अनेक वर्षे सर्वत्र वापरले जात होते : बीएमआय ४०च्या वर, किंवा ३५च्या वर असून सोबत मधुमेहासारखा आजार. २०२२ मध्ये या विषयातील आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते सैल केले, आणि आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो हे लक्षात घेऊन त्यांच्यासाठी २७.५च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार करता येईल असे म्हटले. विमा कंपन्यांचा हिशेब मात्र जुन्याच आकड्यांवर चालतो. विमा नियामकाच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वजनाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय किमान ४० हवा, किंवा ३५ असून त्यासोबत आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह, झोपेत श्वास थांबवणारा तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार यांपैकी काहीतरी हवे. शिवाय वजन उतरवण्याचे साधे उपाय आधी करून ते निष्फळ ठरलेले असावे लागतात. या शेवटच्या अटीकडे कोणी लक्ष देत नाही आणि दावा नेमका तिथेच अडकतो. माझ्या फॅमिली डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत वजन आणि दिलेला आहार केसपेपरवर लिहून ठेवण्याची शिस्त पाळली होती, त्यामुळे टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेने) जुनी कागदपत्रे मागितली तेव्हा ती हाताशी होती. ज्यांच्या मनात हा विषय नुसता घोळतो आहे, त्यांनीही वजनाची लेखी नोंद आजपासून ठेवायला हरकत नाही.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचा पर्यायही समोर होता. टिर्झेपेटाइड २०२५च्या मार्चमध्ये भारतात आले, पाठोपाठ जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड आले, आणि ओळखीतील दोघींनी ते सुरूही केले. चाचण्यांमध्ये टिर्झेपेटाइडच्या मोठ्या मात्रेवर सुमारे दीड वर्षात सरासरी २० टक्क्यांपर्यंत वजन उतरलेले दिसते, ही लहान गोष्ट नव्हे. पण औषध थांबवल्यावर उतरलेले वजन बऱ्याच जणांमध्ये पुन्हा चढते, आणि पूर्ण मात्रेचा महिन्याचा पाच आकडी खर्च कायम सोसणे आमच्या घराच्या आवाक्यात नव्हते. बीएमआय तीसच्या आसपास असता तर मी इंजेक्शनच निवडले असते.

मधुमेहाबद्दल सर्जननी जे सांगितले ते जाहिरातींच्या भाषेपेक्षा पुष्कळ सौम्य होते, आणि मला ते आवडले. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या एका अभ्यासात पाच वर्षांनंतर एचबीए१सी ६ किंवा त्याखाली राखू शकलेले रुग्ण बायपास गटात २९ टक्के, स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची दुसरी शस्त्रक्रिया) गटात २३ टक्के आणि केवळ औषधे घेणाऱ्या गटात ५ टक्के होते. म्हणजे फरक मोठा आहे, पण 'शुगर कायमची जाते' हे खरे नाही. मधुमेह जितका जुना, आणि इन्सुलिन लागण्यापर्यंत गेलेला, तितकी तो पूर्ण मागे हटण्याची शक्यता कमी. तेव्हा 'औषधे कमी होतील' एवढीच अपेक्षा ठेवा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. धोक्यांबद्दलही आडपडदा ठेवला नाही. अनुभवी केंद्रांत मृत्यूचे प्रमाण हजारात एकाच्या आसपास असते, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या जवळपास; टाक्यांच्या जागेतून गळती होण्याचे प्रमाण शंभरात साधारण एक किंवा त्याहून कमी असते, पण ती झाली तर मुक्काम लांबतो आणि खर्चही वाढतो.

याच्या अगदी उलट अनुभव आम्ही आधी गेलो होतो त्या रुग्णालयात आला. तिथे सर्जनच्या आधी एक समुपदेशक भेटल्या, त्यांनी वजन-उंची विचारून थेट स्लीव्हचे पॅकेज सांगितले, या महिन्यात सवलत असल्याचे सांगितले आणि पुढच्या मंगळवारी दाखल होता येईल असेही सुचवले. मला कित्येक वर्षे छातीत जळजळ होते, रात्री उशाला दोन उश्या घ्याव्या लागतात, हे विचारायचे कोणाला सुचले नाही. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि उरलेली नळी अरुंद असल्याने त्यात दाब वाढतो. त्यामुळे जळजळ असलेल्यांचा त्रास अनेकदा बळावतो. पुढे दुसऱ्या रुग्णालयात एंडोस्कोपी झाली तेव्हा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला दाह आणि लहानसा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणे) निघाला, आणि माझ्यासाठी बायपास अधिक योग्य ठरेल हे तिथेच निश्चित झाले. त्याच तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही सापडला. त्यावर दोन आठवडे प्रतिजैविके घ्यावी लागली. बायपासनंतर जठराचा मोठा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो आणि नेहमीच्या दुर्बिणीने तिथे पोहोचता येत नाही, म्हणून तो आधी नीट पाहून घेणे आवश्यक असते. एंडोस्कोपी न करता तारीख देणाऱ्या ठिकाणी मी जाणार नाही.

घरचा विरोध अपेक्षित होताच. "अगं, चांगलं धडधाकट पोट कापून कशाला घ्यायचं? दोन घास कमी खा म्हणजे झालं," हे सासूबाईंचे म्हणणे होते आणि त्यात माया होती. जठरातून स्रवणारी भुकेची संप्रेरके, आतड्याकडून मेंदूला जाणारे तृप्तीचे संकेत, हे सगळे मी समजावून पाहिले. फारसा परिणाम झाला नाही. मात्र नितीन गडकरींनी २०११ मध्ये अशी शस्त्रक्रिया करून घेतली होती हे कळल्यावर सासऱ्यांचा सूर एकदम बदलला. आमच्या घरात सगळ्या शास्त्रीय अभ्यासांपेक्षा हा दाखला वजनदार ठरला, हे नमूद केले पाहिजे.

तयारीत सर्वांत अनपेक्षित निघाली ती झोपेची तपासणी. मी घोरते हे सर्वांना ठाऊक होते. पण रात्रीतून असंख्य वेळा श्वास थांबतो आणि रक्तातील ऑक्सिजन घसरतो, हे अहवालात प्रथमच दिसले. भूलतज्ज्ञांनी सीपॅप यंत्र (मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे) लावून काही आठवडे झोपल्याशिवाय भूल देणार नाही अशी अट घातली. पहिले काही दिवस तो मुखवटा नकोसा झाला, नंतर मात्र दुपारची पेंग गेली आणि संध्याकाळी भूक कमी लागू लागली. तीन रंगीत चेंडूंचे श्वासाचे यंत्र दिवसातून अनेकदा ओढण्याचा व्यायामही दिला होता. सुरुवातीला एक चेंडू वर जायचा आणि दुसरा नुसता थरथरायचा. दाखल होण्याच्या सुमारास तिन्ही वर जाऊन थोडा वेळ टिकू लागले. ऑपरेशननंतर त्याच संध्याकाळी नर्सने ते यंत्र हातात दिले, तेव्हा टाके दुखत असूनही काय करायचे हे शरीराला माहीत होते.

औषधांचा फेरबदल हा स्वतंत्र विषय आहे आणि तो स्वतःच्या मनाने अजिबात करू नये. मी मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन घेत होते. अत्यल्प आहार आणि शस्त्रक्रिया यांच्या काळात ते घेतल्यास साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतात, म्हणून माझ्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधीचा कमी कॅलरींचा आहार सुरू होण्यापूर्वीच ते बंद केले. इन्सुलिनची मात्राही त्याच दिवसापासून उतरवली. ड जीवनसत्त्व आणि बी१२ दोन्ही कमी निघाले; शाकाहारी घरांत हे सर्रास आढळते, आणि बायपासनंतर शोषण आणखी घटत असल्याने साठा आधीच भरून घ्यावा लागतो.

शेवटचे दोन आठवडे दिवसाला हजार कॅलरींच्या आत बसणारा, प्रथिने जास्त आणि पिष्ट पदार्थ कमी असलेला आहार होता. हा आहार वजन उतरवण्यासाठी असतो अशी बहुतेकांची समजूत असते. खरे कारण यकृत आहे. यकृताचा डावा भाग जठरावर झाकणासारखा असतो आणि दुर्बिणीने काम करताना तो वर उचलून धरावा लागतो. चरबीने फुगलेले यकृत जड आणि ठिसूळ असते, उचलताना त्यातून रक्तस्राव होऊ शकतो आणि खालचे नीट दिसत नाही. दोन आठवड्यांच्या या आहाराने ते दिसण्याइतके आक्रसते. हे कारण समजल्यावर आहार मोडण्याची इच्छा बरीच कमी झाली. तरी श्रावणातले सोमवार आले, घरात साबुदाण्याची खिचडी झाली, आणि उपवासाचा पदार्थ म्हणून ती चालेल का असे मी आहारतज्ज्ञांना विचारलेच. नाही म्हणाल्या.

त्यांनी दिलेला छापील तक्ता मात्र निरुपयोगी होता. त्यात ब्रोकोलीचे सूप, झुकिनी, ग्रीक योगर्ट असले पदार्थ होते. आमच्या साताऱ्यात ते शोधण्यातच दिवस गेला असता. त्यांच्याच समोर बसून आम्ही तो बदलून घेतला : मुगाचे कढण, कुळथाचे कढण, पातळ ताक, दह्याचा चक्का, घरचे पनीर आणि गरजेपुरती बिनचवीची व्हे पावडर. जेवताना पाणी न पिण्याचा सरावही तेव्हाच करायचा होता. ताटाशेजारी तांब्या-भांडे ठेवण्याची सवय असलेल्या घरात हे वाटते तितके सोपे नसते. शेवटी तांब्या स्वयंपाकघराबाहेर ठेवला. मानसोपचारतज्ज्ञांची भेट मला औपचारिकता वाटली होती, पण त्यांनी तासभर बसवून मी कधी, कोणासोबत आणि कोणत्या मनःस्थितीत खाते हे विचारले, आणि ऑपरेशनने भूक कमी होईल, कंटाळा नाही, असे बजावले.

ऑपरेशननंतरचे थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी औषधाच्या बाटलीवर येते तसले ३० मिलीलिटरचे टोपण पाण्याने भरून समोर ठेवले आणि ते पंधरा मिनिटे पुरवायला सांगितले. पहिल्या घोटानंतर छातीच्या मध्यभागी पाणी थबकून खाली उतरल्याचे अगदी स्पष्ट जाणवले. गौरी-गणपतीत सगळे मोदकांवर असताना मी पातळ पदार्थांवर होते, पण तेव्हा खरोखर खावेसेच वाटत नव्हते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले. वजन झपाट्याने उतरताना असे होते, पुढे ते थांबले आणि नवे येऊ लागले. एका बारशात अर्धा पेढा खाल्ला, त्यानंतर अर्ध्या तासात घाम, धडधड आणि जुलाब. डम्पिंग म्हणतात ते हेच. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळ्या होत्या. गुडघ्यासाठी घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्या कायमच्या बंद झाल्या, कारण नव्या जोडाच्या ठिकाणी त्यांनी अल्सर होऊ शकतो. आता गरज पडल्यास फक्त पॅरासिटामॉल. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेता येत नाही, त्यामुळे दिवस गोळ्यांच्या वेळांभोवती आखावा लागतो. यांचा महिन्याचा दोन हजारांच्या घरातला खर्च विम्यात बसत नाही आणि पॅकेजच्या कागदावरही कुठे दिसत नाही.

पुढील वर्ष-दीड वर्षात मूल हवे असलेल्यांनी, सिगारेट सुटत नसलेल्यांनी आणि जन्मभर गोळ्या-तपासण्या जमणार नाहीत हे मनोमन ठाऊक असलेल्यांनी तूर्त थांबावे, असे माझे मत आहे.

रुग्णालयाबद्दल माझी तक्रार एकच आहे. पहिले सहा महिने आहारतज्ज्ञांचे फोन नियमित येत. त्यानंतर ते थांबले, आणि पुढच्या तपासण्यांची आठवण मलाच करून द्यावी लागली. नियम पाहिले तर या तपासण्या आयुष्यभर चालायच्या आहेत, तेव्हा दाखल होण्यापूर्वीच दुसऱ्या वर्षापासून कोण पाहणार हे लेखी विचारून घ्यावे. बी१२, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक आणि प्रथिने यांची यादी मी आता फॅमिली डॉक्टरांच्या फाइलमध्ये लावून ठेवली आहे. रक्ताचे नमुने साताऱ्यातच देता येतात, आणि अहवालात काही खटकले तरच पुण्याला जायचे असे ठरले आहे.