रिफिल टॅपची काळी बिअर : सात महिन्यांनंतर

जुलैत पाऊस कोसळत होता तेव्हा आपल्या कोल्हापुरात एका ठिकाणी ताज्या बिअरचे रिफिल टॅप सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात मी स्टीलचा दोन लिटरचा ग्राउलर घेतला. ग्राउलर म्हणजे घट्ट झाकणाची किटलीच म्हणा. घरून न्यायची, नळावर भरून घ्यायची, रिकामी झाली की धुऊन परत न्यायची. ज्या गावात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून दूध देतात आणि घाण्यावर तेलाला घरचा डबा लागतो, तिथं ही रीत कुणाला शिकवावी लागत नाही.

नळ चार आहेत, त्यातला एक काळ्या बिअरचा, स्टाउटचा. मी सात महिने तीच भरून घेतोय.

पहिल्या दिवशी फ्रीजमधून काढली आणि तशीच ओतली. नुसतं कडू, गार पाणी. हिरमुसलो. ग्लास ओट्यावर तसाच राहिला आणि पंचवीसेक मिनिटांनी सहज घोट घेतला, तर वेगळीच बिअर. आधी कडक कॉफीसारखा भाजका कडूपणा, आणि मागून गुऱ्हाळ. काहिलीच्या कडेला रस चिकटून करपतो, त्याला जो गोड-कडवट वास सुटतो, अगदी तो. मामाच्या गुऱ्हाळावर ती खरवड काढून खाल्लेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तेव्हापासून पक्कं केलंय: लागर, म्हणजे नेहमीची फिकट पिवळी बिअर, गार प्या, स्टाउट १० ते १२ अंशांवर. ग्लास उजेडाकडं धरला तर काळ्याच्या कडेला कोकमासारखी लाली दिसते, आणि वरचा फेस मारी बिस्किटाच्या रंगाचा.

हा रंग कशानं येतो ते तिथल्या ब्रुअरनं, म्हणजे बिअर बनवणाऱ्यानं, समजावलं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेक बार्ली. त्यातलं बरंचसं साधंच असतं. काळी भाजलेली बार्ली किंवा माल्ट त्यात अगदी थोडं. १८१७ साली डॅनियल व्हीलर यानं इंग्लंडमध्ये माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं, आणि मूठभर माल्टवर सगळा घाणा काळा करता येऊ लागला. ‘चॉकलेट माल्ट’ म्हणतात त्यातही चॉकलेट नसतं, नाव भाजणीच्या रंगावरून पडलंय.

भरण्याची पद्धत नीट बघून घ्या, सगळं तिथंच ठरतं. आधी रिकाम्या ग्राउलरमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडून आतली हवा बाहेर घालवतात. मग नळी तळापर्यंत घालून खालून वर भरतात आणि फेस तोंडाशी आला की फेसावरच झाकण आवळतात. हवा आत राहिली तर बिअर लवकर शिळी होते आणि तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो. पहिल्या महिन्यात गर्दीत माझा ग्राउलर असाच वरून धार सोडून भरला होता. आता नळावरचा पोरगाच म्हणतो, “काका, दोन मिनिटं थांबा, गॅस मारून घेतो.” मी थांबतो.

सप्टेंबरात मात्र वाईट अनुभव आला. लागर रोज संपायची, काळीला गिऱ्हाईक कमी, त्यामुळं तिची नळी तुंबल्यासारखी पडून राहायची. एका शनिवारी पहिल्याच घोटाला शिळ्या लोण्यासारखी चव, मागून आंबट. ग्राउलर तसाच परत नेला. वाद घातला नाही, फक्त म्हटलं, एक घोट घेऊन बघा. मालकांनी घेतला आणि माझ्यासमोर नळ बंद केला. चार दिवसांनी बोलावून भरून दिलं. आता दर पंधरा दिवसांनी नळ्या धुतात आणि ती तारीख नळाजवळच्या पाटीवर खडूनं लिहितात. मी किंमत बघायच्या आधी तारीख वाचतो. तुम्हीही वाचा, आणि बिअरचं पिंप नळाला कधी लावलं तेही विचारा. ही बिअर पाश्चराइज, म्हणजे तापवून टिकाऊ, केलेली नसते, पडून राहिली की बिघडते.

जेवणाचं म्हणाल तर तांबड्या रश्श्याबरोबर ही जमत नाही. तिखटावर कडूपणा चढतो, आणि ओठाला लागलेली तर्री ग्लासात गेली की फेस जागच्या जागी बसतो. पांढरा रस्सा आणि सुक्या मटणाबरोबर झकास. तीच गोष्ट साबणाची: ग्राउलरमध्ये जरा साबण राहिला तरी फेस धरत नाही. मी संपल्या संपल्या गरम पाण्यानं तीनदा विसळतो आणि उलटा, उघडा वाळवतो. वॉशर सहाव्या महिन्यात बदलला. तो सैल झाला होता आणि गॅस रात्रभर निघून जायचा.

दोन लिटरचा ग्राउलर घेतला ही माझी चूक. झाकण न उघडता तीन-चार दिवस छान राहते, पण एकदा उघडली की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मवाळ होते. आम्ही घरात पिणारे दोघं. बरीच बिअर मोरीत ओतली आणि प्रत्येक वेळी जीव हळहळला. एक लिटरचाच घ्या. नेताना झाकण बंद, डिकीत, उन्हात गाडी लावायची नाही. दारूचं परमिट जवळ ठेवा, २१ च्या आतल्यांना देत नाहीत आणि ड्राय डेला नळ बंद असतात.

बाटल्यांचा ढीग आमच्या घरातून गेला, ते बायकोला सगळ्यात आवडलं. पुढच्या पिंपाला ओट घालून दाट स्टाउट करणार आहेत असं कळलंय. एक लिटरचा नवा ग्राउलर आणून ठेवलाय.