परसात आंबट काय लावावं: रुबार्ब की चुका?

इंग्लंडात मागल्या दारी हक्काची थोडी जमीन मिळाली की कोथिंबीर-मेथी पेरून होते आणि मग काहीतरी आंबट लावावंसं वाटतं. अंबाडीचा विषय आधी मिटवून टाकू. काचघर असेल तर उन्हाळ्यात तिचा कोवळा पाला मिळेल. पण बोंडं धरायला दिवस लहान व्हावे लागतात, आणि तोवर इथल्या थंडीने झाड मान टाकतं. उरले दोघे: शेजारीपाजारी सगळ्यांकडे असतो तो जाड, आंबट दांड्यांचा रुबार्ब आणि आपला चुका.

दोघे एकाच कुळातले, पॉलिगोनेसी. दोघांतही ऑक्झॅलिक आम्ल असतं, म्हणून मुतखड्याचा त्रास असेल तर दोन्ही बेतानेच खावीत. यापलीकडे त्यांच्यात साम्य शोधायला जाऊ नये. चुक्याचं पान खायचं, रुबार्बचा फक्त दांडा. आपल्या लोकांनी हे पाठच करावं, कारण रुबार्बचं पान अळूएवढं रुंद आणि तजेलदार असतं, बघताक्षणी वड्या डोळ्यांपुढे येतात. ते पान विषारी आहे. अळूला चिंच लावून भागतं, तसं इथे उकळून किंवा चिंच घालून काही साधत नाही. पहिल्या महायुद्धात भाजीच्या टंचाईपायी ब्रिटनमध्ये ही पानं खायचा सल्ला दिला गेला होता आणि त्यातून विषबाधा झाल्या. पानं तोडून सरळ कंपोस्टात टाकावीत, तिथे ती बिनधोक कुजतात.

जागेचा हिशेब घाला. रुबार्बचं एक झाड जवळजवळ मीटरभर पसरतं आणि एकदा बसलं की वर्षानुवर्षं तिथेच राहतं. नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान झोपेतला गड्डा आणून लावायचा, डोळा मातीच्या बरोबरीला किंवा किंचित वर ठेवायचा. खोल पुरला तर कुजतो. भरपूर शेणखत, पाणी न साचणारी जमीन. कुंडीत लावायचा तर ती निदान 50 सेंटिमीटर खोल आणि तेवढीच रुंद हवी. पहिल्या वर्षी एकही दांडा काढायचा नाही, दुसऱ्या वर्षी थोडे, तिसऱ्यापासून मनसोक्त. बियांपासूनही येतो, पण वाट आणखी लांबते आणि रोपं एकसारखी निघत नाहीत. त्यापेक्षा शेजाऱ्याकडे मागा. पाच-सहा वर्षांनी गड्डा फोडून वेगळा करावाच लागतो, त्यामुळे द्यायला कोणी नाही म्हणत नाही.

चुक्याला यातलं काहीच लागत नाही. एप्रिलनंतर माती जरा उबदार झाली की वीतभर खोल ट्रेमध्ये बी फोकायचं. महिना-दीड महिन्यात पहिली कापणी होते, त्याच रोपांवर आणखी एक-दोनदा पाला येतो. उन्हं तापली की तो फुलावर जातो, म्हणून एकदम सगळं न पेरता दर तीन आठवड्यांनी थोडं थोडं पेरावं. कोवळ्या रोपांवर गोगलगायी येतात, त्यांच्यावर रात्री टॉर्च घेऊन पहारा ठेवायची तयारी हवी. बी इथल्याच विक्रेत्याकडून घ्या, भारतातून बॅगेत घालून आणण्याच्या भानगडीत पडू नका.

काढणीत मात्र रुबार्ब मजा आणतो. सुरीचं काम नाही. दांडा अगदी बुडाशी धरायचा, हलका पीळ द्यायचा आणि ओढायचा. खालच्या गुलाबी-पांढऱ्या टोकासकट तो सुटून हातात येतो. कापला तर उरलेला बुंधा कुजण्याची भीती. एका वेळी निम्म्याहून कमीच दांडे काढावेत आणि जुलैनंतर हात आवरावा, म्हणजे गड्ड्यात पुढच्या वर्षाची ताकद साठते. मध्येच जाडजूड फुलाचा दांडा वर आला तर तो लगेच मोडून टाकावा.

आता स्वयंपाक, आणि माझ्या मते निवड इथेच होते. चुक्याच्या जागी रुबार्ब घालून पातळ भाजी करायला गेलात तर निराशा पदरी पडेल. चुका शिजून डाळीत मिळून येतो, शेंगदाणे-खोबऱ्याशी त्याचं जमतं. रुबार्बला ती पालेभाजीची चव नाही. तो बसतो कैरीच्या जागी. मेथीदाण्याची फोडणी, हळद, तिखट, बोटभर लांबीचे तुकडे आणि गूळ, असा मेथांबा करून बघा. कैरीपेक्षा गूळ सढळ हाताने लागतो, आणि पाच-सात मिनिटांत गॅस बंद करायचा, नाहीतर फोडींचा लगदा होतो. तुरीच्या आमटीत एक दांडा चिरून शेवटी टाकला की चिंच-कोकम नको. भांडं स्टीलचंच घ्या. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ या आंबटाला चालत नाही. उरलेले दांडे कच्चेच चिरून फ्रीजरमध्ये जातात. चुका कच्चा ठेवला तर त्याची रया जाते, तो शिजवूनच ठेवावा.

रुबार्बची जात निवडताना: लवकर हवा असेल तर टिम्परली अर्ली, मोठे आणि भरपूर दांडे हवे असतील तर व्हिक्टोरिया. दांडा जितका लाल तितका गोड, या समजात तथ्य नाही, हिरवाही तेवढाच कामाचा. हिवाळ्याच्या शेवटी झाडावर मोठी कुंडी उपडी घालून अंधार केला की लवकर आणि नाजूक, फिकट गुलाबी दांडे येतात. यॉर्कशरात वेकफिल्ड, मॉर्ली, रॉथवेलच्या पट्ट्यात हेच अंधाऱ्या शेडमध्ये करतात आणि मेणबत्तीच्या उजेडात तोडणी होते. त्या रुबार्बला 2010 साली युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. घरी हा प्रयोग केलेल्या गड्ड्याला पुढचं वर्ष विश्रांती द्यावी लागते. पुण्या-नागपुरात बसून हे वाचणाऱ्यांनी रुबार्बचा नाद सोडावा. गड्ड्याला कडक हिवाळा लागतो, तो तिथे नाही.

घर भाड्याचं असेल, दोन वर्षांत हलायचं असेल, तर चुका, दुसरा विचारच नको. घर स्वतःचं आणि कोपरा मोकळा असेल तर रुबार्ब लावा, आणि पातळ भाजीसाठी शेजारी सॉरेलचं एक रोप. ते चुक्याचंच भावंड, इथल्या नर्सरीत सहज मिळतं, दरवर्षी पेरावं लागत नाही आणि डाळीत चुक्यासारखंच शिजतं.