चार वर, चार खाली

बिलावर एक ओळ होती: 'हेडमधले आठही व्हॉल्व्ह बदलले, टायमिंग चेन नवीन.' ती वाचून मी मान डोलावली आणि पैसे दिले. आमच्या ट्रकच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात, आठ व्हॉल्व्ह नसतात आणि टायमिंग चेन तर त्याला मुळातच नाही, हे कळायला पुढचे पाच महिने गेले. तोवर आणखीही बरंच काही गेलं होतं.

ट्रक आजोबांचा. विलिज, १९५१ सालचा, फोर व्हील ड्राइव्ह, मागे उघडा हौदा. विलिज म्हटलं की लोकांना छोटी जीप आठवते, पण त्याच कंपनीने १९४७ पासून १९६५ पर्यंत हे ट्रकही काढले. नाक जीपचंच, फक्त चाकांमधलं अंतर ११८ इंच. आजोबांनी तो शेवटचा चालवला तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर बावीस वर्षं तो शेडमध्ये उभा. टायर बसलेले, सीटच्या स्प्रिंगा वर आलेल्या, पेट्रोलच्या टाकीत वार्निशसारखा चिकट थर. तरी दार लावलं की तो भरीव आवाज यायचा. त्या आवाजापायीच मी यात पडलो.

जुन्या गाड्यांचं काम करणारा म्हणून ज्याचं नाव सुचवलं गेलं तो माणूस बोलायला फार गोड. त्याने ट्रकभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, पुढून हँडल लावून एकदा जोर दिला. हँडल हललं नाही. "साहेब, इंजिन जाम आहे. पूर्ण खोलावं लागेल. बोअर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, सगळंच." हे सगळं दोन मिनिटांत झालं.

बावीस वर्षं उभं राहिलेलं इंजिन पहिल्या झटक्याला फिरत नाही, यात नवल काहीच नाही. रिंगांना गंज धरतो, व्हॉल्व्हचे दांडे आपापल्या जागी चिकटतात. अशा वेळी आधी स्पार्क प्लग काढायचे, चारही सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल ओतायचं आणि आठवडाभर वाट बघायची. मग हाताने, अगदी हळू, दोन्ही बाजूंना हलवून बघायचं. बऱ्याचदा एवढ्याने सुटतं. नाही सुटलं तर खोलायचं आहेच. पण तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि समोरचा माणूस आत्मविश्वासाने बोलत होता.

मी ट्रक टोचन करून त्याच्याकडे पाठवला. सोबत ठरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा. कागद एकच, त्याच्या हाताने लिहिलेला: 'विलिज ट्रक, पूर्ण रिपेअर.' गाडीवर काय काय आहे, कोणत्या भागावर कोणता नंबर आहे, काहीही लिहून घेतलं नाही. फोटो काढले होते, पण ते सगळे माझे आणि ट्रकचे. एकातही कार्बोरेटर दिसत नाही.

पंधरा दिवसांनी गेलो तर ट्रक सुटा झालेला. केबिन एका कोपऱ्यात, हौदा भिंतीला उभा, चॅसी विटांवर, एक्सल बाहेर काढून ठेवलेले. मला तेव्हा ते पाहून बरंच वाटलं, म्हटलं काम चालू आहे. खरं म्हणजे त्या दिवसापासून माझी बाजू पडली. अखंड गाडी तुम्ही कधीही परत नेऊ शकता. सुटी गाडी नेता येत नाही: अर्धे बोल्ट कुठे आहेत ते फक्त त्याला माहीत, कोणता ब्रॅकेट कुठे बसतो ते फक्त त्याला माहीत. त्याने दुसरा हप्ता मागितला तो त्याच आठवड्यात, आणि मी दिला. तिसरा मागितला तेव्हाही दिला. दर वेळी भाषा एकच: "एवढं झालं की जोडायला घेतो."

मधे एकदा मी इंजिनचा फोटो मागितला. आला. स्वच्छ धुतलेला ब्लॉक, हेड काढलेलं, वरच्या सपाट भागावर ओळीने आठ व्हॉल्व्ह चमकत होते. मी तो फोटो चार जणांना अभिमानाने दाखवला!

इथे थोडं इंजिनाबद्दल सांगायला हवं. आमच्या ट्रकमध्ये हरिकेन नावाचं चार सिलिंडरचं १३४ क्युबिक इंचांचं इंजिन आहे. त्याची खासियत अशी की मिश्रण आत घेणारे चार इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये बसतात आणि धूर बाहेर सोडणारे चार एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. हेड उचललं की इनटेक त्याच्यासोबत येतात, एक्झॉस्ट खालीच राहतात. याच्या आधीच्या गो डेव्हिल इंजिनात आठही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते, हेड म्हणजे नुसतं झाकण. थोडक्यात, फोटोत आठही ब्लॉकमध्ये, बिलात आठही हेडमध्ये, आणि आमच्या इंजिनात चार वर, चार खाली. फोटो कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचा होता. बिल बहुधा सवयीने लिहिलेलं. आणि चेनचं म्हणाल तर या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट चेनवर नाही, गिअरवर फिरतो.

ट्रक घरी आला तेव्हा मात्र मी खूश होतो. रंग झाला होता, ब्रेक लागत होते, इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला चालू होत होतं. शिवाय तो चक्क पळत होता. आजोबा चालवायचे तेव्हा थोडा वेग धरला की इंजिन आरडायला लागायचं. आता तेच इंजिन शांत. "बघा साहेब, पूर्वीपेक्षा किती मोकळी धावते," तो म्हणाला. मी त्याचे आभारही मानले.

पहिल्या पावसानंतर चिखलात नेला. ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) दांडा ओढून फोर व्हील टाकलं आणि क्लच सोडला. ट्रकने गचका दिला. पुढची चाकं फिरत होती, पण ओढत नव्हती, उलट ब्रेक लावल्यासारखी चिखल पुढे ढकलत होती. दांडा परत काढायला गेलो तर निघेना. शेवटी रिव्हर्समध्ये थोडं मागे घेतल्यावर कट्‌ असा आवाज करून सुटला.

फोन केला. त्याचं उत्तर तयार होतं: "जुन्या फोर व्हीलमध्ये मधे डिफरन्शियल नसतं, साहेब. मागची-पुढची चाकं एकमेकांना बांधलेली. ताण येणारच. कडक जमिनीवर टाकू नका." यातला शब्द न शब्द खरा आहे. या गाड्यांत ट्रान्स्फर केस पुढच्या आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टला (एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब दांड्याला) एकाच वेगाने फिरवते. कोरड्या रस्त्यावर वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, हा फरक जिरवणारं डिफरन्शियल मधे नाही, ताण साठतो आणि दांडा अडकतो. म्हणून फोर व्हील चिखलात, वाळूतच टाकायचं. मी पुस्तक उघडून बघितलं, तेच लिहिलेलं. माझं समाधान झालं आणि आणखी दोन महिने गेले. नुसतं खोटं बोलला असता तर मी त्याला लवकर पकडला असता. त्याने खऱ्या गोष्टीचं पांघरूण घातलं, फक्त मी चिखलातच होतो हे सोयीने विसरला.

ते माझ्या मावसभावाच्या लक्षात आलं. तो गाड्यांतला नाही, लेथवर काम करतो, पण त्याला मोजायची खोड आहे. म्हणाला, "दादा, चिखलात चाक घसरून ताण निघून जायला हवा. मग अडकतं कसं? दोन्हीकडचा रेशो एक आहे ना?"

मग एका रविवारी आम्ही मोजलं. हे कोणालाही घरी करता येईल. जमीन सपाट हवी, बाकीच्या चाकांना भक्कम अडसर लावायचा. गिअर न्यूट्रल, ट्रान्स्फर केसही न्यूट्रल. मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर. टायरवर खडूची एक रेघ, प्रोपेलर शाफ्टवर एक रेघ. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्ट किती फिरला ते मोजायचं. एकच चाक फिरत असल्याने डिफरन्शियल निम्मं वाटून घेतं, म्हणून दोन फेरे. तो आकडा म्हणजे एक्सलचा रेशो: चाकांच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे किती फेरे.

पुढचं चाक: शाफ्टचे पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त. मागचं: चार आणि पाव.

आम्ही पुन्हा मोजलं. मी शाफ्टखाली आडवा, खडूची रेघ डोळ्यांसमोरून जातेय, भाऊ वरून आकडे म्हणतोय. चार आणि पाव.

आजोबांची एक वही होती, तेल कधी बदललं वगैरे नोंदींची. तिच्यात एका पानावर 'मागे-पुढे दोन्ही ४३/८' असं लिहिलेलं सापडलं. आधी ते वाचून मला वाटलं होतं तारीख असेल. ते दात होते: एक्सलमधल्या मोठ्या चक्राचे (क्राऊनचे) ४३, त्याला फिरवणाऱ्या छोट्याचे (पिनियनचे) ८, भागाकार ५.३८. पुढे तोच होता. मागे ४.२७ चा. म्हणजे मागचा एक्सलच दुसऱ्या कुठल्या गाडीचा. खाली टॉर्च मारली तर स्प्रिंगच्या बैठकीपाशी ताजं वेल्डिंग, त्यावर जाड काळा रंग. फोर व्हील टाकलं की मागची चाकं १०० फेरे मारू बघणार आणि पुढच्यांना जेमतेम ७९ मिळणार. गाडी 'मोकळी' धावत होती ती यामुळे, आणि मी आभार मानले होते ते याचे.

एकदा संशय आला की सगळीकडे दिसायला लागतं. हेडच्या बोल्टांवर नवा रंग होता, पण त्याखाली जुना रंग बोल्ट आणि हेड यांच्या सांध्यावरून सलग गेलेला. पाना एकदा जरी लागला असता तर तो तडकला असता. इंजिन उघडलंच नव्हतं! तेल ओतून सुटलेलं असणार, जे मी शेडमध्ये फुकटात केलं असतं. कार्बोरेटर मूळचा कार्टर वायएफ असायला हवा. बसवलेल्या नगावर कसलंच नाव नाही, ओतकामाची कड हाताला बोचते. जुना कुठे गेला ते विचारण्यात अर्थ नव्हता.

तक्रार द्यायला गेलो तेव्हा पहिलाच प्रश्न आला: "गाडी ताब्यात देताना हा एक्सल नव्हता, याचा पुरावा?" आजोबांची वही पुढे केली. ती वाचली, परत दिली. गाडी देताना एक्सलखाली झोपून, दातांचा आकडा असलेल्या पट्टीचा एक फोटो काढला असता, इंजिनचा नंबर (तो पाण्याच्या पंपामागे ब्लॉकवरच्या उंचवट्यावर ठोकलेला असतो) टिपून त्याची सही घेतली असती, आणि पैसे गाडी सुटी होण्याआधी नाही तर एकेक भाग डोळ्यांसमोर जोडला जाताना दिले असते, तर ते संभाषण वेगळं झालं असतं. काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या, खराब असला तरी. आठ जुने व्हॉल्व्ह मागितले असते तर त्याला ते कुठून तरी आणावे लागले असते, आणि मला निदान प्रश्न पडला असता.

शेवटी भावाला घेऊन त्याच्या दारात गेलो. खडूच्या रेघांचे फोटो दाखवले, आकडे सांगितले. तो अजिबात चिडला नाही. खाली वाकून फोटो नीट बघितले, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "मग सोपं आहे साहेब. पुढचा एक्सल घेऊन या, त्यालाही तोच रेशो बसवून देतो. मजुरी तेवढी द्या."

परत येताना भाऊ बराच वेळ हसत होता. मला मात्र कबूल करायला लाज वाटते, पण त्या रात्री मी तसं करावं का याचा विचार केला होता.