शुक्रवारची रोसिनी: आठ महिन्यांनंतर

डिसेंबरात सुरुवात केली, आता जुलै संपत आला. दर शुक्रवारी रात्री मुलुंडच्या आमच्या गॅलरीत फळाचा गर आणि त्यावर नाशिकची स्पार्कलिंग वाईन. मी सकाळी सातच्या आत घर सोडते, नवरा साडेनऊला परततो. एरवी आमचं बोलणं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून चालतं, म्हणून या एका तासाला मी कुणालाही हात लावू देत नाही.

मूळ पेय व्हेनिसचं. तिथल्या हॅरीज बारच्या ज्युझेप्पे चिप्रियानींनी पांढऱ्या पीचच्या गरात प्रोसेको, म्हणजे इटलीची स्पार्कलिंग वाईन, ओतून बेलिनी केली आणि तिच्या गुलाबी छटेवरून चित्रकार जोव्हान्नी बेलिनीचं नाव दिलं. पीचऐवजी स्ट्रॉबेरी घातली की रोसिनी. एक भाग गर, दोन भाग वाईन.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मार्चपर्यंत मिळाली आणि तिला तोड नाही. पण पहिल्याच शुक्रवारी अर्धा ग्लास फेस होऊन टेबलावर आला. गरातल्या बारीक कणांवर बुडबुडे धरतात, म्हणून गर गाळणीतून दोनदा काढायचा आणि वाईनइतकाच गार करायचा. ग्लास तिरका धरून, थांबत थांबत ओतायचं. ढवळायचं फक्त एकदा, तळापासून हलकेच वर.

बाटली उघडायचं काम नवऱ्याचं. बुचावरच्या तारेचे सहा अर्धे वेढे सोडवतो. मग बुचावर फडकं घालून बूच घट्ट धरतो आणि बाटली फिरवतो. आवाज न होता नुसता एक सुस्कारा येतो. शेजारचं बाळ नुकतंच झोपलेलं असतं ना. तेवढ्या मिनिटात तो एक शब्द बोलत नाही, कपाळावर आठी असते, आणि मी गाळणी हातात धरून त्याच्याकडे बघत बसते. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी.

हापूसनं निराशा केली. गर जड, तळाशी बसतो, आणि गोडीत वाईन हरवते. निम्मा गर आणि लिंबाचे चार थेंब घातले तेव्हा कुठे जमलं. मे-जूनमध्ये पीचही आणले, पण रंग फिका, वास जेमतेम. जांभूळ मात्र खरी कमाई! तुरटपणा वाईनला शोभतो आणि रंग असा की दिवा लावावासा वाटत नाही. काळं मीठ गरातच विरघळवून घ्या. वरून भुरभुरलं तर सगळं उसळून येतं.

750 मिलीच्या बाटलीत सात ग्लास होतात. चार आम्ही संपवतो. उरलेल्या बाटलीला चापाचं झाकण लावलं की शनिवारी दम टिकतो, रविवारी नाही.

एकदा फसगतही झाली. दुकानातली पांढऱ्या काचेची बाटली बरेच दिवस उजेडात ठेवलेली असावी. उघडल्यावर शिजलेल्या कोबीसारखा वास आला. दुकानदारानं परत घेतली नाही. तेव्हापासून गडद काचेची, आतल्या खोक्यातली बाटली मागून घेते.

शनिवारी कामावर जायचं असेल तेव्हा वाईन नाही, कोकमाचं आगळ आणि थंड सोडा. त्यातही फेस बघायला आम्ही दोघं वाकतो.

परवाच्या शुक्रवारी लोकल पावसानं रखडली. साडेदहाला घाटकोपरहून मेसेज आला, "अगं, गर बाहेर काढू नकोस, अजून वेळ आहे." अकराला तो भिजलेला आला, बूट दारात काढले आणि तसाच गॅलरीत जाऊन बाटलीची तार सोडवायला लागला.