आयटीआय पास झाल्यावर अप्रेंटिसशिप की डायरेक्ट कॉन्ट्रॅक्टवर? पोरांचं गणित आणि मालकाचं गणित

आयटीआयचा रिझल्ट लागला की फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियनच्या पोरांपुढे हाच प्रश्न असतो, कायद्याखाली नोंदणी झालेली वर्षभराची अप्रेंटिसशिप (शिकाऊ उमेदवारी) घ्यायची का ठेकेदाराच्या नावावर, म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर, पुण्याजवळच्या चाकण-रांजणगाव एमआयडीसीत लगेच कामाला लागायचं.

आधी पैशाचं बोलू, घरचे पहिलं तेच विचारतात. २०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआय पास पोराला किमान स्टायपेंड महिन्याला ७,००० रुपये. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ३६ टक्के वाढीची शिफारस केलीय, त्यामुळे चालू आकडा सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवरच बघा. मोठ्या कंपन्या किमानपेक्षा जास्त देतात बऱ्याचदा, वर कॅन्टीन आणि बस. पण ठेकेदाराकडे ओटी (ओव्हरटाइम) धरून साधारण दुपटीच्या आसपास हातात पडतं, आणि अप्रेंटिसला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (हा सरकारी अधिकारी) परवानगीशिवाय ओटी करायला लावता येत नाही, पीस रेटवर (नगावर) पैसे देता येत नाहीत, पीएफ-ईएसआयसी पण लागू नाही (अपघात झाला तर भरपाई मात्र मालकावर आहे). म्हणजे फक्त त्या एका वर्षापुरतं बघितलं तर कॉन्ट्रॅक्ट सरळ जिंकतं, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही.

खरा फरक वर्ष संपल्यावर कळतो. कॉन्ट्रॅक्टवाल्याला लाईनवर एक स्टेशन मिळतं, तेच बोल्ट तोच टॉर्क, काही महिन्यांनी ब्रेक देतात आणि मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर परत त्याच गेटमधून आत, दोन वर्षांनी इंटरव्ह्यूला गेलं की सांगायला काही नसतं. चांगल्या कंपनीतला अप्रेंटिस टूलरूम, मेंटेनन्स, क्वालिटी असा फिरतो आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं. रेल्वेच्या लेव्हल १ (आधीचा ग्रुप डी) भरतीत रेल्वेतच अशी अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना २० टक्के जागा आहेत. पण म्हणून नोकरी पक्की असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, मार्च २०१८ मध्ये माटुंगा-दादरला रेल्वेचे अप्रेंटिस रुळावर उतरले होते ते नोकरीच्याच मागणीसाठी. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात मालकावर नोकरी देण्याचं बंधन नाही, २०१४ च्या दुरुस्तीनंतर कंपनीने आपली भरतीची पॉलिसी ठरवायची एवढंच. ती पॉलिसी जॉइन होण्याआधी विचारा, लाजू नका.

माझं मत विचाराल तर घरात दुसरं कुणी कमावतं असेल तर अप्रेंटिसशिपच घ्या. हप्ता तुमच्याच पगारावर असेल तर कॉन्ट्रॅक्ट घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आता मालकांचं. ठेकेदाराची माणसं धरून ३० किंवा जास्त लोक असतील तर २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, ४ ते २९ असतील तर तुमची मर्जी. नॅप्स या केंद्राच्या अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेतून सरकार स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, थेट पोराच्या खात्यात टाकतं, म्हणजे ७,००० मधले तुमचे ५,५०० जातात. हे बघून बरेच जण स्वस्तात हात मिळाले म्हणून खूश होतात आणि पोरांना वर्षभर पॅकिंगला लावतात, मग दरवर्षी नवी बॅच, परत शून्यापासून, आणि सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा माणूस, मिळत नाही म्हणून ओरड पण यांचीच. फायदा खरा तिथे आहे जिथे मालक एका जुन्या ऑपरेटरचा वेळ आणि थोडं स्क्रॅप सोसतो. वर्षभर पोरगा डोळ्यासमोर असतो, ड्रॉइंग वाचतो का, गेज नीट धरतो का, सुट्ट्या किती मारतो, सगळं कळतं. एका इंटरव्ह्यूत हे कधीच कळत नाही. ठेकेदाराकडून आलेला माणूस ऑर्डर वाढली की लगेच मिळतो आणि कमी झाली की लगेच जातो, सीझनल काम असेल तर तेच बरं, पण सेटिंगचं काम असल्या माणसाच्या भरवशावर चालत नाही.

एक गोष्ट दोघांनी बघा. गेटवर 'ट्रेनी' म्हणून घेतात ते सगळं अप्रेंटिसशिप नसतं, राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पण वेगळीच आहे. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर तुमच्या नावाचा करार नोंदलाय का ते लॉगिन करून तपासा, नसेल तर जवळच्या आयटीआयमधल्या बीटीआरआय सेंटरला (अप्रेंटिसशिपचं काम बघणारं केंद्र) जाऊन विचारा, आणि ते पहिल्याच महिन्यात करा, कारण करारच नसेल तर वर्षाच्या शेवटी परीक्षेला बसता येत नाही.