एसक्यूथ्रीआर वाचनपद्धत: सगळा जोर चौथ्या पायरीवर

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी 1946 साली पुस्तकातून मांडलेली ही पद्धत आजही अभ्यासाच्या शिबिरांत शिकवली जाते. पाच पायऱ्या: चाळणी (सर्व्हे), प्रश्न (क्वेश्चन), वाचन (रीड), पुस्तक न बघता उजळणी (रिसाइट), आणि शेवटी फेरआढावा (रिव्ह्यू). त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून एसक्यूथ्रीआर (SQ3R) हे नाव. खर्च शून्य, लागते ती एक वही आणि थोडी चिकाटी.

चाळणीला वीस पानांच्या धड्यासाठी पाच मिनिटं पुरे. शीर्षकं, आकृत्या, नकाशे, शेवटचा सारांश आणि स्वाध्याय, एवढंच बघायचं. इथेच बरेचजण वाचायला लागतात आणि अर्धा तास जातो. घड्याळ लावा.

मग प्रत्येक उपशीर्षकाचा प्रश्न करायचा. ‘मान्सूनचे परतणे’ या शीर्षकावर ‘मान्सूनचे परतणे म्हणजे काय?’ असा प्रश्न कुचकामी, कारण त्याचं उत्तर एका ओळीत संपतं. ‘मान्सून वायव्येकडून आधी का परततो?’ हा प्रश्न घेतला की जमीन थंड होणं, तिथला कमी दाबाचा पट्टा विरणं, वाऱ्यांची दिशा बदलणं हे सगळं शोधत वाचावं लागतं. एका उपशीर्षकाला एक, फार तर दोन प्रश्न.

वाचन एका वेळी एकाच भागाचं. या टप्प्यात टिपणं काढायची नाहीत, हायलायटरही बाजूला. रंगवलेलं पान ओळखीचं वाटतं आणि ‘येतंय’ असा भास होतो, पण ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं.

चौथी पायरी हा या पद्धतीचा प्राण, आणि सर्वाधिक गाळली जाणारीही तीच. पुस्तक मिटून प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या शब्दांत बोला, मग चार-पाच शब्दांचं टिपण लिहा. आठवलं नाही, तर तेवढाच भाग पुन्हा वाचून परत मिटा. पुस्तक उघडं ठेवून केलेली ‘उजळणी’ म्हणजे नुसती नक्कल. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र आठवून बघणाऱ्यांनी बाजी मारली. परीक्षा पाच मिनिटांनी कोण घेतं?

फेरआढावा धडा संपताच पाच मिनिटं: टिपणं झाकून प्रश्नांची उत्तरं द्या. मग दुसऱ्या दिवशी, आठवड्याने.

उणिवाही आहेत. पहिले काही धडे नेहमीपेक्षा जास्त वेळ खातात. गणिताला ही पद्धत फारशी उपयोगाची नाही, तिथे उदाहरणं सोडवावीच लागतात. कविता-कादंबरीला तर वापरूच नये, मजाच जाते. शीर्षकं नसलेल्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य शीर्षकासारखं धरा, तेही दर वेळी जमेलच असं नाही. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, जीवशास्त्र यांच्या पाठ्यपुस्तकांसाठी मात्र डोळे झाकून घ्यावी. परीक्षा उद्यावर आली असेल तर चाळणी आटोपती घ्या, चौथी पायरी तेवढी सोडू नका.